दोरीआडची येळवस

पिकनिक या शब्दाशी माझं वैर नाही. शाळेत असताना बाईंनी आम्हाला नळदुर्गचा किल्ला दाखवायला नेलं, ती पिकनिक. चिवडा खाल्ला, गाणी म्हटली, परत आलो. पण हल्ली हा शब्द लोकांनी सगळ्यालाच चिकटवलाय. तुळजापूरला दर्शन घेऊन वाटेत भेळ खाल्ली की पिकनिक. दवाखान्यातून येताना रसवंतीवर थांबलं तरी पिकनिक. इथवर मी गप्प होते. यंदा माझ्या मुलानं, उमाशंकरनं, येळवशीला पिकनिक म्हटलं. आणि नुसतं म्हणून थांबला नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमचं सास्तूर त्या दिवशी ओस पडतं, सगळे आपापल्या शेतात. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडून पूजा, मग पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. माझा त्यात एक नेम आहे. पहिली पत्रावळ ज्याला स्वतःचं शेत नाही त्याची. तो जेवेपर्यंत माझ्या तोंडात पाणी नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या पहिल्या येळवशीला आमच्याकडं शिजवायला भांडं उरलं नव्हतं. तेव्हा शेळ्या राखणाऱ्या हरणाबाईनं आपली दोन पातेली आणून दिली होती. तेव्हापासून दर वर्षी पहिली पत्रावळ तिची. तिला बोलवावं लागत नाही. ती येते.

यंदा उमाशंकर पुण्याहून आठ मित्रमैत्रिणी घेऊन आला. मी पहाटेच घरची लिंगपूजा उरकून शेतात आले होते. ही मंडळी दहाला आली. फोटो झाले, झोका झाला, हुरड्याची चौकशी झाली. कोपीतली पूजा आटोपली. बारा वाजले, एक वाजला. बांधावर कुणीच दिसेना.

"अव्वा, वाढ ना. सगळे खोळंबलेत," उमाशंकर म्हणाला.

"पहिली पत्रावळ जाऊ दे, बाबा."

त्यांच्यातली मोनिका नावाची मुलगी लगबगीनं पुढं आली. "काकू, माझं तर राहतं घरसुद्धा भाड्याचं आहे. मलाच वाढा, नेमही पाळला जाईल!"

सगळे हसले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त चिडचिड झाली. "तुला बोलावलंय गं बाळा," मी म्हटलं. "न बोलावता येणारं माणूस लागतं."

"कोण येणार पण, आई?" नवी सून शुभांगी हळूच म्हणाली. "यांनी वाटेवर दोरी बांधलीय. मघाशी एक म्हातारी शेळ्या घेऊन तिथं उभी होती. बघत राहिली अन् गेली."

मी कोपीआडच्या वाटेनं बांधापर्यंत गेले. दोन बाभळींच्या मधे निळी नायलॉनची दोरी, तिला पुठ्ठ्याची पाटी. 'खासगी पिकनिक. परवानगीशिवाय आत येऊ नये.'

"गेल्या वर्षी कुणीही येऊन बसत होतं," उमाशंकर मागून म्हणाला. "मित्रांना मोकळं वाटावं म्हणून."

महादेवाचं नाव घेतलं आणि दोरीखालून वाकून गेले.

हरणाबाई ओढ्याच्या कडेला बसली होती. मांडीवर फडकं, त्यात कोरडी भाकरी, अजून मोडलेली नव्हती.

"हरणाबाई, पत्रावळ थांबलीय."

"मला वाचता येत न्हाय, अक्का. पर दोरी वाचता येती."

"पोरानं बांधली. चुकलं त्याचं."

"व्हय? मंग चुकलेलं पोरगं कुठाय? तुमी कशाला उन्हाचं आलाव उपाशी?"

माझा आवाज मुळातच लहान. घरात हाक मारली तर शेजारच्या खोलीत जात नाही. पण त्या वेळी पोटात भूक होती, समोर भाकरी मोडायला निघालेलं माणूस होतं, आणि तिनं एक घास खाल्ला की माझा तीस वर्षांचा नेम संपला असता.

"उमाऽऽ!"

ओढ्यापलीकडची माणसं उठून उभी राहिली. उमाशंकर पळत आला, मागं त्याची सगळी पलटण.

"मावशी, चला जेवायला," तो खाली बघून म्हणाला.

"आदी ती दोरी सोड," हरणाबाई म्हणाली. "आन् हिकडं आण. थोरल्या शेळीला दावं न्हाय माझ्या."

त्यानं बांधावर जाऊन दोरी सोडून आणली. गाठी अशा मारल्या होत्या की मोनिकाला दातांनी सोडवाव्या लागल्या. हरणाबाईनं फडकं बांधलं, शेळीच्या गळ्यात निळं दावं घातलं आणि आमच्या पुढं चालत शेतात गेली. पहिल्या पत्रावळीवर बसली. सगळे उभे राहून तिच्या तोंडाकडं बघत होते.

"आंबील फिक्की झालीया, अक्का," ती म्हणाली. "लसूण कमी पडला."

"पडला असंल," मी म्हटलं आणि दुसऱ्यांदा वाढली.

मी जेवायला बसले तेव्हा तीन वाजत आले होते. भज्जी गार, उंडा दगडासारखा. शेजारी शेळी पाटीचा कोपरा चावत होती. उमाशंकर बोटं चाटत समोर येऊन बसला.

"अव्वा, पिकनिक छान झाली ना?"

मी घास खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"मीठ सरकव इकडं," म्हटलं.