पोर्ट परत कुठे जातो

उन्मेषला साफसफाईची खोड होती. घरातली नव्हे, तिथे त्याचे मोजे खुर्चीवरच पडलेले असत, कोडमधली. परळच्या एका छोट्या कंपनीत तो नेटवर्क स्विचचा ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे त्या खोक्यातल्या चिपला कामाला लावणारा प्रोग्राम. स्विचचा प्रत्येक पोर्ट, म्हणजे केबल जोडायची खाच, कुठल्या ना कुठल्या गटात असतो, त्या गटाला म्हणायचं व्हीलॅन. बोलायचं ते आपल्याच गटातल्यांशी. ज्याला कोणी गट दिला नाही तो आपसूक एक नंबरच्या गटात, तो डीफॉल्ट. उन्मेषला हा कारभार अघळपघळ वाटला. पोर्टला नवा गट मिळाला की एक नंबरमधून त्याचं नाव पुसायची सोय त्याने केली आणि स्वतःवर खूश झाला.

शनिवारी दुपारी टीमची प्रमुख आरोही त्याच्या टेबलापाशी आली. "पोर्टला गट दिला की चालतो. काढून घेतला की मरतो. दिवा हिरवा, पण पलीकडे काही जात नाही. काढल्यावर तो जातो कुठे, उन्मेष?"

"कुठेच नाही," उन्मेष म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला ओशाळं वाटलं.

"मग तेवढं बघ. सोमवारी कस्टमर येतोय."

संध्याकाळी लॅपटॉप पाठीला अडकवून तो काळाचौकीला गेला. चाळ पाडून टॉवर होणार होता, आणि तिच्या तळमजल्यावरच्या गावाच्या खोलीचे नवे नियम ठरवायला गावकऱ्यांच्या मंडळाची बैठक होती. वडील गेल्यावर चिटणीसपण त्याच्या गळ्यात पडलं होतं.

त्या खोलीत पाय ठेवला की त्याला अजून सुक्या बांगड्याचा वास यायचा, आता तिथे कोणी काही भाजत नसलं तरी. कोकणातून गावचा माणूस आला की पिशवी घेऊन थेट इथे. काम आहे का, ओळख कोणाची, हे नंतर. आधी कमळाबाईंच्या खाणावळीतलं ताट. भिंतीला ओळीने ट्रंका, एक पाळी उठली की दुसरी त्याच अंथरुणावर. उन्मेषचे वडील इथूनच गिरणीत गेले, लग्न झाल्यावर शेजारच्या चाळीत. गणपतीत छोट्या उन्मेषला खांद्यावर घेऊन गर्दीतून फिरवायचे ते भिवाकाका, तेही इथलेच. किती बरे दिवस होते ते, असं त्याला दर वेळी वाटे.

भिवाकाका आज बाहेर गॅलरीत आपल्या ट्रंकेवर बसले होते. त्यांनी वडाळ्याला घर केलं होतं. बायको, मालन, गेली. मुलाने घर विकून बंगळूर गाठलं. तिथे काकांचा जीव रमेना, म्हणून ते परत आले होते. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसून मान डोलवत होते. बोलत कोणाशीच नव्हते.

"लिही," अध्यक्ष रघुवीरकाका म्हणाले. "ज्याने मुंबईत स्वतःची जागा केली, त्याचा खोलीवरचा हक्क कायमचा संपला. भिवाला पण एकदाच काय ते सांगून टाकू."

नियम सुटसुटीत होता. उन्मेषने अर्धा टाइपही केला. मग दारातून त्याला भिवाकाकांची डोलणारी मान दिसली आणि त्याची बोटं थांबली.

"रघुवीरकाका, हे मी लिहीत नाही."

"का रे बाबा?"

"जागा केली की खोली सुटली, मान्य. पण जागा गेली तर माणूस जाणार कुठे? ते आपण ठरवलंच नाही. हीच चूक मी ऑफिसात करून बसलोय."

"अशाने धर्मशाळा होईल," मागून कोणीतरी म्हणालं.

"होतीच ना," उन्मेष म्हणाला. "म्हणून तर आपण सगळे मुंबईत टिकलो."

रघुवीरकाका भिंतीकडे बघत राहिले. त्यांची ट्रंक तिथे होती, एके काळी. "मी आलो तेव्हा अंथरूण नव्हतं माझ्याकडे," ते म्हणाले. "भिवाच्या चादरीत झोपलो. लिही, गावचा माणूस कुठेच नसेल, तर इथे."

पोरांनी भिवाकाकांची ट्रंक आत आणली. लोक पांगले. उन्मेषने त्याच ट्रंकेवर लॅपटॉप उघडला आणि ड्रायव्हरमध्ये राहून गेलेलं लिहिलं: गट सुटला की पोर्ट एक नंबरमध्ये परत. तिथूनच ऑफिसातल्या स्विचला जोडून ड्रायव्हर चालवून पाहिला. मेलेला पोर्ट बोलू लागला.

"काय करतंस रे?" काकांनी विचारलं.

"चूक निस्तरतोय." उन्मेषने खिशातून खोलीची जादा चावी काढली. "ही ठेवा तुमच्याकडे."

काकांनी सदऱ्याचं बटण काढून गळ्यातला काळा दोरा वर ओढला. त्याला तशीच एक चावी होती, घासून गुळगुळीत झालेली. दाराचं कुलूप जुनंच होतं, कोणी कधी बदललं नव्हतं.

"मग इतका वेळ बाहेर कशाला बसलात, काका?"

"चावी आसा रे माझ्याकडे," काका म्हणाले. "पण तुम्ही 'ये' म्हणूक व्हया ना."