सुतारवाडीचा फलक

घाटकोपरच्या सुतारवाडीत आता वीस मजल्यांचा टॉवर उभा आहे. तिथे पूर्वी चाळ होती आणि चाळीचं एक पत्र्याचं सभागृह होतं. गिरणी संपाच्या दिवसांत त्या सभागृहात सात बायकांनी चौदा महिने चूल पेटती ठेवली. पेज, कुळथाची पिठी, कधी सुका बोंबील. रोज दीडशे माणसं जेवायची. सहदेव पालव तिथे जेवणाऱ्यांपैकी एक होता आणि त्याची बायको विमला शिजवणाऱ्यांपैकी. आता त्या सातजणींतल्या दोघीच उरल्या होत्या. एक विमला आणि दुसरी गोवंडीला लेकीकडे राहणारी सुंदरा.

‘उपनगर स्मृती मंडळ’ नावाची एक संस्था जुन्या जागांवर दगडी फलक लावते, अशी छोटी बातमी सहदेवने वाचली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मुलुंडचं त्यांचं ऑफिस गाठलं. तिथे मानसी नावाची तरुण मुलगी काम बघायची. तिने फॉर्म दिला, फोटो मागितले, पुरावे मागितले. सहदेव एकाहत्तर वर्षांचा, गुडघे दुखायचे, तरी दोन वर्षं तो कागद गोळा करत फिरला. मानसीला घेऊन गोवंडीला गेला. अंथरुणाला खिळलेल्या सुंदराने सातही नावं एका दमात सांगितली आणि चूल कशी बंद पडली तेही सांगितलं. चाळीचा मालक शरच्चंद्र सामंत एका दुपारी आला, उकळत्या पेजेचा टोप त्याने लाथेने उलटा केला आणि सभागृहाला कुलूप ठोकलं. त्या पेजेने भाजल्याचा डाग विमलाच्या पावलावर अजून आहे. मानसीने सगळं रेकॉर्ड केलं. निघताना तिचे डोळे भरले होते.

मग एक दिवस तिचा फोन आला. “काका, जरा येता का? अडचण झालीय.”

फलक टॉवरच्या भिंतीवर लागायचा, म्हणजे सोसायटीची परवानगी हवी. सोसायटीचा चेअरमन होता शरच्चंद्रचा मुलगा, नंदकिशोर. त्याने परवानगीसोबत मजकूरही पाठवला होता. मानसीने तो खाली मान घालून वाचला.

“या ठिकाणी कै. शरच्चंद्र सामंत यांनी गिरणी कामगारांसाठी अन्नछत्र चालवले. परिसरातील महिलांचे त्यांना सहकार्य लाभले.”

“सहकार्य?” सहदेव म्हणाला.

“मी भांडले, काका. खूप भांडले. मंडळ म्हणतं, भिंत त्यांची आहे. हे लावा, नाहीतर काहीच नाही.” तिने एक कागद पुढे सरकवला. “आणि हयात साक्षीदाराची सही लागते.”

सहदेव कागद घेऊन घरी आला. विमलाला काही बोलला नाही. दोन दिवस तो ते मनात घोळवत राहिला. निदान ‘कामगार’ हा शब्द आहे. निदान ‘महिला’ आहे. आपण दोघं गेलो की सुतारवाडीत काय होतं हे सांगायला कोण उरणार? तिसऱ्या दिवशी त्याने सही करून कागद पोचवला.

रविवारी सकाळी फलकावरचं कापड निघालं. विमला ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली होती. “आईंना पुढे घ्या,” म्हणत नंदकिशोरने तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला. टाळ्या वाजत असताना ती फलकाजवळ गेली. ओळींवरून बोट फिरवत तिने तो वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. गुच्छ जवळच्या खुर्चीवर ठेवला आणि गेटबाहेर चालू लागली.

सहदेवने तिला रस्त्यावर गाठलं. रागावली की ती गावच्या बोलीवर जायची.

“तुमका ठावक होता?”

“सही माझीच आहे, विमल.”

ती चालायची थांबली.

“सही केली नसती तर काहीच लागलं नसतं गो. मग काय केलं असतं?”

“मग मी सांगत तरी राहिले असते,” ती म्हणाली. “आता सांगायला गेले तर मीच खोटी.”

दुसऱ्या दिवशी सहदेव सही मागे घेत असल्याचा अर्ज लिहून मुलुंडला गेला. मंडळाचे चिटणीस श्यामकांत साने भला माणूस. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, अर्ज नीट वाचला.

“पालव, तुमच्यावर कुणी दबाव आणला होता का?”

“नाही.”

“मजकूर वाचून सही केलीत ना?”

“हो.”

“मग मी काय सांगू मंडळाला? उद्या कुणी विचारलंच, तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही आहे आमच्याकडे. तुमचीच.”

“सुंदराचं रेकॉर्डिंग?”

“आहे ना. कुणी मागितलं तर देऊ.”

मानसी कोपऱ्यात कॉम्प्युटरकडे बघत बसली होती. तिने मान वर केली नाही. सहदेवने अर्ज घडी करून खिशात घातला.

घरात विमला कामापुरतं बोलायची. फलकाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तो काढायला गेला तर उठून स्वयंपाकघरात जायची.

दीड महिन्याने सुंदरा गेली. दोघं गोवंडीला गेले. सहदेव दारात पुरुषांबरोबर बसला, विमला आत. सुंदराची नात रडून दमली होती. तिने मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला फलकाचा फोटो काढून विमलासमोर धरला.

“आजी, सामंतांच्या अन्नछत्रात तुम्ही दोघी कामाला होता ना? चांगला माणूस होता का तो?”

सहदेवने दारातून आत पाहिलं. विमला त्या मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होती.

“हो, बाय,” ती म्हणाली. “कामाला होतो.”