दोन मुठी कोदो

खुमानने स्वतःचं श्राद्ध स्वतःच घातलं, ही बातमी जेठ महिन्याच्या सुरुवातीला गावात आली आणि कुंजाच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या त्या दिवसापासून अधांतरी झाल्या. नवरा मेलेला नाही, जिवंतही नाही. गोसाव्यांच्या फौजेत तलवार चालवायला गेलेला माणूस लढाईनंतर तिथेच भगवा झाला. डोकं भादरून बेतवा नदीत बुडी मारली, पिठाचे पिंड वळले. बापाच्या नावाचा, आजाच्या नावाचा, आणि शेवटचा आपल्या नावाचा.

"मग बांगड्या फोडायच्या का हिच्या?" रतिया काकीने कुंपणावरून विचारलं होतं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते या शेजारणीला आपल्या अंगणातून कळे.

"तुझ्या फोड!" सासू कडाडली. "कच्चा आहे तो अजून. घरच्या बाईच्या हातची भिक्षा कुठे घेतलीय?"

आखाड्याची रीतच तशी. दीक्षा घेतलेला माणूस तीन दिवस, भर दुपारी, आपल्याच दारात येऊन उभा राहतो. जिला टाकून निघाला तिला 'माई' म्हणून हाक मारतो. तिने 'ले बेटा' म्हणत तुंब्यात मूठभर धान्य घातलं की झालं. तो मेला, ती विधवा. आणि ज्या घरची भिक्षा घेतली, त्या घरात त्याने पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. पण तिन्ही दिवस तुंबा रिकामा परत गेला, तर गुरू भगवं उतरवून घेतो आणि म्हणतो, जा बाबा, तुझी गाठ अजून सुटलेली नाही.

म्हणजे कुंजाला फक्त तीन दुपारी आपला हात आवरायचा होता. त्यात काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं.

पहिल्या दुपारी ती ओसरीत मुनियाला पाजत बसली होती. नऊ महिन्यांची पोर, खालचे दोन दात नुकते आलेले, दूध पिता पिता मध्येच आईला चावून तिच्याचकडे टकामका बघायची.

"माई, भिक्षा."

कुंजाने आधी पाय बघितले. उजव्या अंगठ्याचं नख मोडकं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी याच उंबऱ्याला ठेचकाळून मोडलं होतं. तिने मान वर केली नाही.

"हिला माई म्हणतोस?" सासू कंबरेवर हात ठेवून पुढे झाली. "मग मी कोण रे, तुझी पणजी?"

कुंपणाबाहेर जमलेल्या बाया फिस्सकन हसल्या. "चल, पुढचं घर बघ, महाराज!" सासू म्हणाली. "पण पुढे रतिया राहते. ती तुला चुलीतली राखसुद्धा मोजून देईल."

"ऐकतेय हं मी!" रतिया काकी ओरडली.

खुमान हसला नाही. ओठ फुटले होते, गाल आत गेले होते, पाठीला पोक आला होता. शेळी पिळून व्हावी एवढा वेळ तो उभा राहिला आणि वळला.

तेवढ्यात मुनियाने स्तन सोडला आणि दाराकडे पाहिलं. बापाकडे नाही. त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे, वीतभर वर. कुणी वाकून 'ओ ओ' करत खेळवावं, तेव्हा ती जशी बघायची तशी. आणि दोन्ही दात दाखवून हसली.

त्या खांद्यामागे रिकामं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी सासू ग्रामदेव हरदौलाच्या चौथऱ्यावर नवस बोलायला गेली होती. बायाही कंटाळल्या होत्या. कडूलिंबाखाली कुत्रं तेवढं निजलं होतं. खुमान आला, हाक मारली. मुनिया लगेच त्याच्या खांद्यामागे बघून हात नाचवू लागली. आज मात्र कुंजाला राहवलं नाही.

"अहो, तुमच्या मागे कोण आहे?"

तो पांढराफटक पडला. मग उंबऱ्याबाहेर, पायरीवर, मटकन बसला.

"तुला दिसतो?"

"मला नाही. पोरीला दिसतो."

बराच वेळ त्याने तुंबा या हातातून त्या हातात फिरवला. "नवाबाची फौज फुटली तेव्हा आम्ही मागे लागलो होतो," तो म्हणाला. "कोरडा नाला होता. तिथे एक जण बसला होता. पोरगेलासाच. मांडी फाटलेली, तलवार बाजूला ठेवलेली. म्हणाला, भैया, पाणी."

"मग?"

"माझ्या छागलीत पाण्याचा एक घोट होता."

कुंजाने मुनियाला जवळ ओढलं.

"सगळ्यांना सांगितलं, हुकूम होता. मागे कुणी ठेवायचा नाही. हुकूम होताच. पण खरं सांगू, कुंजा? मलाही तहान लागली होती. त्याला कापलं आणि तिथेच उभं राहून तो घोट प्यालो. तेव्हापासून कितीही प्यालो तरी घसा ओला होत नाही. आणि तो मागून चालतो. मी निजलो की तोही निजतो. महंतबाबा म्हणाले, मेलेल्याच्या मागे भूत लागत नाही. तू मरून टाक. म्हणून पिंड घातले माझे." त्याने तुंबा पुढे केला. "आता एका मुठीचं काम राहिलंय. घाल ना, माई."

तो 'माई' तिच्या काळजात काट्यासारखा गेला. त्यानंतर तिने जे केलं ते तिथल्या कुठल्याही बाईने केलं असतं. जेठातल्या दुपारी दारात आलेल्याला पाणी द्यायचं. पाणी वैऱ्यालाही देतात. ते भिक्षेत धरत नाहीत. धान्य दिलं नाही म्हणजे हात आवरलाच की! तिने रांजणातून लोटा भरला आणि तुंब्यात ओतला.

"नको," तो म्हणाला. पण ओतून झालं होतं.

खुमानने तुंबा तोंडाला लावला नाही. मांडीवर धरून तो बघत होता, तीही बघत होती. वारा पडलेला. तुंब्यातलं पाणी हळूहळू, घोटाघोटाने, खाली गेलं. तळ कोरडा झाला.

खुमान उठला. मान फिरवून त्याने मागे पाहिलं आणि उजवीकडे, डावीकडे. त्याचा पोक गेला होता. तो भराभर चालत गेला. मोट सुटलेला बैल जावा तसा.

मुनियाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती रांजणाच्या कोपऱ्याकडे बघून हसत होती.

दिवेलागणीपर्यंत रांजण आटला. सासूने गळती शोधली, सापडली नाही. "दुलैया, सूनबाई माझी, उद्याचा एक दिवस," ती कुंजाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एकच दिवस तग धर. माझा लेक घरी येतोय."

सकाळी कुंजाने मुनियाला उराशी घेतलं तेव्हा पोर चार वेळा ओढून रडायला लागली. दुसऱ्या बाजूला लावलं. तिथेही थेंब नाही. कुंजाची छाती रात्रीतून चिंधीसारखी झाली होती. सासूने कुंजाला महुआची फुलं शिजवून घातली, पोरीला बोटाने शेळीचं दूध चाटवलं. मुनियाने ते ओकून टाकलं. दुपारपर्यंत तिचं रडणंही सुकलं. ओठांना पापुद्रा आला. बापाच्या ओठांसारखा. आणि डोळे कोपऱ्याकडे.

तहानलेल्याला आपणच पाणी देऊन घरात घेतलं, हे कुंजाला तेव्हा उमगलं. लहान पोराचं दूधच काय, एका गावाचं पाणीही त्याला पुरलं नसतं.

तिसऱ्या दुपारी खुमान आला तो हसत. "गेला, कुंजा! मागे कुणी नाही. रात्री पाणी प्यालो, घसा ओला झाला! मला आता भिक्षा नको. ओरड तू माझ्यावर, हाकलून दे, म्हणजे संध्याकाळी घरी येतो."

"ऐकलंस का गं रतिया!" सासू अंगणात फुगडी घालायची तेवढी राहिली होती.

कुंजाने त्याला डोळे भरून पाहून घेतलं. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची, ती पडली होती. मग ती आत गेली आणि कणगीतून कोदोचे दाणे घेऊन आली. दोन्ही मुठी भरलेल्या.

"दुलैया!" सासूची किंकाळी फुटली. "वेडी झालीस?"

"तुंबा पुढे करा."

"कुंजा, तो गेलाय म्हणतोय ना मी!"

"गेला नाही. इथे राहिलाय. मी पाणी दिलं त्याला." तिने मान कोपऱ्याकडे वळवली. "माझं दूध आटलंय. पोर सकाळपासून उपाशी आहे."

खुमानचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने खाटेवरच्या मुनियाकडे पाहिलं, तिच्या ओठांकडे पाहिलं. "त्याच्या नावाने घाल," तो म्हणाला. "एकट्या त्याच्या नावाने."

"त्याला तुंबा कुठे आहे?"

त्याने हातातल्या तुंब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुंबा माझा आहे, कुंजा."

"ठाऊक आहे मला. पाणी पिऊन माणूस राहू शकतो. भिक्षा घेऊन नाही राहता येत."

त्याने तुंबा पुढे केला. तिने खालून त्याच्या मनगटाला आधार दिला. त्याला शिवण्याची ती शेवटची वेळ.

"म्हणा."

"माई," खुमान म्हणाला. "भिक्षा."

"ले बेटा." पहिली मूठ सोडली. मग ती रांजणाकडे वळली. नाल्यात बसलेला तो पोरगेला जीव, फाटलेल्या मांडीचा, कुठल्या गावचा, कुणाचा. त्याची आई अजून दुपारी दारात उभी राहत असेल. "आणि तूही ले रे, बेटा. दमलास. आता याच्याबरोबर जा. मागून नको चालूस. बरोबर चाल."

दुसरी मूठ तुंब्यात पडली आणि कुंजाच्या छातीत कळ आली. पान्हा फुटला तो असा की चोळी भिजून दूध पोटावरून ओघळलं.

सासू मातीत बसून छाती पिटत होती. रतिया काकी कधी नव्हे ती गप्प उभी होती. कुंजाने उंबऱ्याच्या दगडावर दोन्ही हात आपटले. लाख फुटली. तशाच हातांनी तिने मुनियाला उचलून पदराखाली घेतलं, आणि पोर अधाशासारखी गटागटा पिऊ लागली.

खुमान निघाला होता. कुंजाला वाटेवर एकच भगवी पाठ दिसत होती.

मुनियाने पिता पिता पदर बाजूला सारला आणि वाटेकडे पाहिलं. तिचे डोळे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडे जात राहिले. वळणावरचा पळस आला. मग ते डोळे मिटले.