जुळणारे दात

सोमवारी सकाळी वर्लीन पेटवेने तुरुंगात जाऊन अल्विनच्या दातांचा साचा घेतला. मिसिसिपीतल्या त्या लहानशा गावात, डॉक्टर लॅथ्रपच्या दातांच्या दवाखान्यात, सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती: तोंडात लगदा भरायचा, ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं. अल्विन चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसून बेसूर गाणारा पोरगा.

"वर्लीनमावशी, चव तरी बरी ठेवायची," तो लगदा थुंकत म्हणाला. मग हळूच, "मी त्या बाईला ओळखतही नाही गं."

खून झालेल्या बाईच्या दंडावर एक काळानिळा वळ होता. शेरीफ गँटीला तो चावा वाटला. आता तिथली रीत अशी, की ज्याच्यावर संशय त्या एकट्याचाच साचा डॉक्टरांपुढे जायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, "जुळला." "नाही जुळला" हे शब्द वर्लीनने सव्वीस वर्षांत ऐकले नव्हते. पाच जण जन्मठेपेला गेले, एक फाशीच्या कोठडीत. सगळे साचे तिच्याच हातचे.

मंगळवारी शेरीफसमोर तिने डॉक्टरांपुढे एक साचा ठेवला. डॉक्टरांनी तो वळाच्या फोटोवर धरला, फिरवला, भिंग लावलं.

"जुळला! हा वाकडा दात बघा शेरीफ. लाखात एकाचा असतो असा."

"तळ बघा, डॉक्टर," वर्लीन म्हणाली.

तळावर पेन्सिलीने लिहिलं होतं: गँटी. वर्षापूर्वी शेरीफच्या दाढेवर कॅप बसवली, तेव्हाचा साचा. शेरीफचा हात आपसूक तोंडावर गेला.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर खजील झाले असतील. छे! ते खजील होणारे असते, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. त्यांनी अल्विनचा साचा मागवला आणि फोटोवर धरला.

"हाही जुळतो. कातडी ताणते, वर्लीन, थोडंफार इकडंतिकडं होणारच. म्हणजे चावा याचाच."

"ताणेल तशी कातडी अन् सापडेल तो माणूस. वा, डॉक्टर!"

"सही कर आणि कॉफी ठेव," शेरीफ खेकसला.

साचा खरा असल्याच्या कागदावर तिची सही लागायची. तिने पेन खाली ठेवलं, अ‍ॅप्रन काढला आणि दुखरे गुडघे ओढत रस्त्यापलीकडच्या अल्विनच्या वकिलाचं दार ठोठावलं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, तुमची नोकरी जाईल. आणि न्यायाधीश म्हणतील, असला पुरावा चाळीस वर्षं चालत आलाय."

"म्हणून तर दमलेय," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "आधीच्या सहा जणांचीही नावं सांगते. लिहा."