समोरच्या काकूंचा नवा नंबर

ताईचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला लांबचं दिसत नाही की जवळचं, हे ती बसल्या बसल्या सांगे. स्वतःच्या भावांच्या बाबतीत मात्र तिला दोन्ही दिसत नव्हतं, आणि त्यावरची काच बाजारात मिळत नाही.

भाऊ दोन. थोरला दादा मुख्याध्यापक होता. शाळेतून निवृत्त झाला, पण तास घ्यायची सवय सुटली नव्हती. धाकटा बाळ. त्याचे केस गळले तरी नाव गळलं नाही. त्याचं नळ आणि बेसिनचं दुकान होतं. वडील गेले ते घर तिघांना सारखं वाटून गेले, म्हणजे भांडणातही कोणाला कमी पडू नये अशी सोय करून गेले.

वडिलांजवळ शेवटपर्यंत ताईच राहत होती. औषधं, पथ्यपाणी, आणि रोजचा पेपर दोनदा वाचून दाखवणं, कारण पहिल्या वेळी त्यांचा डोळा लागलेला असे. ते गेल्यावर दादाने बैठक बोलावली. मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर उमटून प्रोबेट हातात पडेपर्यंत घरात कोणीच राहू नये, असं त्याने मांडलं. त्या ‘कोणीच’मध्ये राहणारी एकटी ताईच होती, हे कोणी बोलून दाखवलं नाही. तिनेही नाही.

“आज तू राहिलीस, तर उद्या लोक म्हणतील बहिणीने घर बळकावलं,” दादा म्हणाला. “प्रोबेट येऊ दे, मग तूच राहा. आम्हाला काय करायचंय त्या घराचं?”

बाळाने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. नळवाल्याच्या पाण्यावर भरवसा ठेवू नये, हे ताईला तेव्हा सुचलं नाही.

ती दोन पेट्या घेऊन दुकानाच्या माळ्यावर राहायला गेली. फ्रेमच्या खोक्यांमध्ये एक गादी मावत होती, ताई त्या गादीवर मावली. फाटकाला बाळाने साखळी घातली आणि तिघांची तीन कुलपं अडकवली. तिघं एकत्र आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, असं ठरलं. ताईने आपली किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि कोर्टाच्या तारखा मोजायला लागली. माळ्यावर कूस बदलताना डोक्याला छत लागे. मग ती मनातल्या मनात घरी जाई आणि कुठल्या खिडकीला कुठला पडदा लावायचा ते ठरवी.

पावसाळा संपता संपता समोरच्या काकू दुकानात आल्या. समोरच्या म्हणजे त्या घरासमोरच्या. डोळे तपासून दे म्हणाल्या. काय होतंय विचारलं तर सांगू लागल्या, की संध्याकाळी तुमच्या बंद घरात उजेड दिसतो, कोणीतरी हलल्यासारखंही वाटतं.

“एक दिसतं की दोन?” ताईने विचारलं.

“कधी एक, कधी दोन.”

एकाची दोन दिसायला लागली म्हणजे काय, ते ताईला पाठ होतं. तिने काकूंना खुर्चीत बसवलं, काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली, आणि नंबर बराच वाढलाय असं प्रेमाने समजावलं. काकूंनाही ते पटलं. या वयात माणसाचा स्वतःवर विश्वास कमी आणि काचेवर जास्त असतो.

नवा चष्मा घेऊन गेलेल्या काकू आठवड्याभराने पुन्हा आल्या. चष्मा झकास झाल्याचं त्यांनी सांगितलं. मग इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, “तो तुझा बाळ आहे गं. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून झाडांना पाणी घालतो. दुसरी त्याची बायको.”

ताईने त्यांचा चष्मा काढून घेतला आणि काचा पुसायला लागली. काच तिरकी बसली असेल, म्हणाली. पुसलेलीच काच ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली, तेव्हा काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“नंबर बरोबर आहे, बाई.”

दुकान बंद करून ताई घरी गेली. साखळी फाटकाला लोंबत होती. साखळीच्या एका टोकाला ताईचं आणि दादाचं कुलूप एकमेकांत ओवलेलं, बाळाचं कुलूप उघडून नुसतं अडकवलेलं. साखळीची दोन टोकं एकात एक ओवलेल्या या तीन कुलपांनी जोडलेली होती, तेव्हा त्यातलं कुठलंही एक काढलं की साखळी मोकळी. म्हणजे पर्समधल्या किल्लीनेही हे फाटक पहिल्या दिवसापासून उघडलं असतं. तिने लावून पाहिली नव्हती, एवढंच. शब्द तिघांनी दिला होता. पाळायचं काम तिच्याकडे आलं होतं.

बाळ तिला पाहून आधी कपडे घालायला पळाला आणि मग दादाला फोन करायला. दादा आला तो हात मागे बांधून. बंद घराला वाळवी लागते, नळ गंजतात, घरात माणसाचा वावर हवा, असा त्याने धडा सुरू केला.

“मी वावरतच होते ना,” ताई म्हणाली.

“ताई, शपथ सांगतो, मला वाटलं तुला माहीत असेल,” बाळ मध्येच म्हणाला. “कुलपं अशी ओवायची, हे दादानेच सुचवलं.”

ताईने दादाकडे पाहिलं. लहानपणी तिला गणित तोच शिकवायचा, आणि शाळेत तिचं उत्तर चुकलं की तो स्वतः पट्टी खायचा आणि मास्तरांना सांगायचा, चूक माझी. त्या दादाकडे पाहिलं.

“तू या घरातून निघाली नसतीस गं,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला. “प्रोबेटनंतरही नसतीस निघाली. बाळाला पोरंबाळं आहेत. तुझं काय, एकटा जीव.”

केसाने गळा कापतात म्हणतात तो असा, मायेने विंचरून. ताई भांडली नाही. ती आपल्या खोलीत गेली. तिथे तिचा पलंग नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र बेसिनं रचलेली होती. तिने पदर खोचला आणि पहिलं बेसिन उचलून ओसरीवर नेऊन ठेवलं. मग दुसरं. दादा बाहेरून कोर्ट, कायदा, समंजसपणा असे विषय घेत होता. वर्गात कोणी नव्हतं.

तिसरं बेसिन तिला एकटीला उचलवेना. बाळाने सवयीने पुढे होऊन दुसरी बाजू धरली. “ताई, सांभाळून. बोटं चेंगरतील.”

या पोराचं नाक तिने पुसलं होतं. याच्या लग्नात ती सगळ्यांत जास्त नाचली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, “तिकडे ठेवा. भिंतीला लावून.”

बाळाने ठेवलं, आणि पुढचं उचलायला तो काही आत आला नाही.