वक्त्याच्या डाव्या हाताचा तांब्या

मित्रांनो, मुलुंडच्या आमच्या वाचनालयात कपाटावर जो तांब्या पालथा घातलेला दिसतो, तो मी. पितळी आहे, जुना आहे आणि सध्या मला काही काम नाही. अशा अवस्थेत माणसं आत्मचरित्र सांगायला बसतात. मग तांब्यानेच काय पाप केलं आहे?

माझा जन्म एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. त्याने मला इतके ठोके दिले की सबंध अंगावर बारीक बारीक खळगे पडले. लोक त्याला नक्षी म्हणतात. प्रत्येक खळग्यात समोरचं जग इवलंसं होऊन उतरतं. पुढे सुगंधाबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेरात दिलं आणि माझ्या गळ्याशी 'चि. सौ. कां. सुगंधा हिस मामांकडून' अशी अक्षरं घालून घेतली. सुगंधाबाईंचे यजमान अण्णा हे वाचनालयाचे कार्यवाह. वक्त्याला पाणी कशातून द्यायचं, असा प्रश्न पहिल्याच व्याख्यानाला आला, तेव्हा अण्णांनी मला गुपचूप स्वयंपाकघरातून उचलून आणलं. बाईंना ते संध्याकाळी कळलं. त्यांनी मला परत मागितलं नाही. पण त्या विसरल्याही नाहीत.

तेव्हापासून मी वक्त्याच्या डाव्या हाताशी उभा राहू लागलो. व्याख्यानं शाळेच्या एका मोठ्या वर्गात होत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तो वर्ग माझ्या पोटावर तरंगायचा. एका अंगाला वक्ता, दुसऱ्या अंगाला सभा. मोजकी माणसं आली तरी माझ्या खळग्याखळग्यांतून ती शेकडो दिसायची. कुणी इतिहासावर बोले, कुणी आहारावर. शब्द धुपाच्या वासासारखे वर जात आणि मी अर्धवट झोपेत सगळं पाहत राही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात राहिली. माझ्यातलं पाणी तहान लागली म्हणून कुणी प्यायल्याचं मला आठवत नाही. पुढचं वाक्य आठवेनासं झालं की वक्त्याला तहान लागते.

नंदकिशोरला ती सर्वांत जास्त लागायची. हा एका कचेरीतला तरुण कारकून. गावोगाव व्याख्यानं द्यावीत, त्यावरच पोट भरावं, असं त्याच्या मनात होतं. त्याच्याकडे 'नगाधिराज हिमालय' हे एक व्याख्यान होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ. त्यात इतकी हिमधवल शिखरं होती की मधलं एखादं निसटलं तर मागची सगळी कोसळत. अण्णांनी त्याला युक्ती सांगितली होती, की आठवलं नाही तर पाणी प्यावं, लोकांना वाटतं माणूस विचार करतोय. नंदकिशोरने ती इतकी मनावर घेतली की भाषणाच्या अखेरीस श्रोत्यांपेक्षा त्यालाच बाहेर जायची घाई असे. सबंध भाषणभर त्याची नजर माझ्यावर. माझ्या त्या अंगाला त्याला तोच दिसे, सभा पलीकडच्या अंगाला राही.

सुगंधाबाई पहिल्या रांगेत बसून वाती वळायच्या. मांडीवर कापूस, हात चालू. भाषण जितकं भारदस्त, तितक्या वाती जास्त. एकदा त्या नंदकिशोरला शांतपणे म्हणाल्या, "नंदू, तुझ्या हिमालयात माझ्या चातुर्मासाच्या वाती झाल्या बघ." तो कसंनुसं हसला. त्या रात्री त्याला झोप लागली नसावी.

मग त्याच्या चिपळूणच्या मेहुण्याचा निरोप आला. त्याची भातगिरणी होती, विश्वासाचा माणूस हवा होता. गिरणी सुरू असताना शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, असं ते ठिकाण. त्याच सुमारास घाटकोपरचे सहदेवराव व्याख्यान ऐकायला येतो म्हणाले. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत गणेशोत्सवात कोणता वक्ता कुठे बोलणार, हे तेच ठरवीत. नंदकिशोरने अण्णांना सांगून टाकलं, की सहदेवरावांना पसंत पडलं तर कचेरी सोडीन, नाही तर चिपळूणला जाईन आणि पुन्हा बोलायला उभा राहणार नाही.

आता अण्णांची हुशारी पाहा. व्याख्यानाला लोक येत नाहीत, पूजेला येतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी वाचनालयाच्या मंडळाचा सत्यनारायण आणि नंदकिशोरचं व्याख्यान एकाच संध्याकाळी ठेवलं. आधी पूजा, मग व्याख्यान आणि प्रसाद अगदी शेवटी, म्हणजे कुणी उठणार नाही. पण चौरंग भांडुपला एका मुंजीला गेलेला. तेव्हा व्याख्यानाच्या टेबलालाच केळीचे खांब बांधून पूजा त्याच्यावर मांडली. कलशासाठी सुगंधाबाईंनी माझं नाव काढलं. "वर्षभर बडबड्यांच्या सेवेला आहे माझा तांब्या. एक दिवस देवाच्या कामी येऊ दे." त्यांनी मला चिंचेने घासलं. आत पाणी आणि सुपारी, गळ्यात आंब्याची पानं, तोंडावर ताम्हन, ताम्हनात तांदूळ आणि तांदळावर बाळकृष्ण. उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी. तोवर मला हलवायचं नाही, असं गुरुजी बजावून गेले. वक्त्यासाठी वेगळं पाणी आणायचं अण्णांच्या डोक्यात होतं, पण तेवढ्यात शिरा खाली लागतोय अशी वर्दी आली आणि ते धावले.

नंदकिशोर केळीच्या पानाखाली उभा राहिला. पान त्याच्या कानाला लागत होतं. मागच्या बाकावर सहदेवराव डोळे मिटून बसलेले. पहिली काही शिखरं त्याने बरी पार केली. मग एक निसटलं. त्याचा डावा हात सवयीने माझ्याकडे आला आणि ताम्हनाला लागला. बाळकृष्ण डुलला. नंदकिशोरने घाईने नमस्कार केला. ते पाहून पुढच्या दोन रांगांनीही हात जोडले.

मला त्याला पाणी द्यायचं होतं हो. पण त्या दिवशी मला देवपण आलं होतं, आणि देवपण आलं की कुणाच्या उपयोगी पडता येत नाही, हे मला तेव्हा समजलं.

पुढचं शिखर काही सापडेना. इतर वेळी या क्षणी तो माझ्यात बघायचा. आज तिथे देव होता. म्हणून त्याने, पहिल्यांदाच, समोर बघितलं. समोर सुगंधाबाईंचे हात वाती वळत होते.

"सुगंधाकाकू," तो घरातल्या आवाजात म्हणाला, "विहिरीवर पाण्याला जाता तेव्हा समोर डोंगर दिसतो ना?"

बाईंनी मान वर केली. "दिसतो की. थंडीत धुकं पडलं तर नाही दिसत."

"त्या डोंगराच्या डोक्यावर तसाच दुसरा ठेवा. या तांब्यावर ताम्हन ठेवलंय ना, तसा."

"पडेल की रे."

लोक हसले. नंदकिशोरही हसला. "नाही पडत. आता त्याच्यावर तिसरा ठेवा."

आणि मित्रांनो, तो एकावर एक डोंगर ठेवत गेला. मुलुंडचा डोंगर सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे कुणाची वाट चुकली नाही. झाडं खाली राहिली, मग पाखरं, मग ढग. त्याला थांबावंसं वाटलं तिथे तो थांबला, आणि सभा त्या शांततेत त्याच्या शेजारी उभी राहिली. शाळेची कौलं विरून गेल्यासारखी वाटली. वैशाखातल्या त्या उकाड्यात एका म्हातारीने पदर कानावर ओढून घेतला. माझ्या डोक्यावरचे तांदूळ मला बर्फासारखे गार लागू लागले. मी माझ्या पोटावर पाहिलं. प्रत्येक खळग्यात सुगंधाबाई होत्या, आणि प्रत्येकीच्या तळहातावर अर्धी वळलेली वात तशीच राहिली होती.

व्याख्यान संपलं तेव्हा सहदेवरावांचे डोळे उघडे होते, एवढंच मी पाहिलं. "गणपतीत घाटकोपरला ये," ते म्हणाले. "येताना तो डोंगर विसरू नकोस."

सुगंधाबाई उठल्या. "त्याच्यावर अजून एखादा राहिला असेल तर उद्या सांग, नंदू. शिरा गार होतोय."

नंदकिशोरने कचेरी सोडली. घाटकोपर, अंधेरी, सांताक्रूझ, बोरिवली, सगळीकडे तो बोलू लागला. जिथे जाईल तिथे आधी वाती वळणारी बाई शोधतो, म्हणे. पाण्याला हात लावत नाही. मंडळाकडे काचेचा जग आला आणि मी कपाटावर गेलो. आता अंग इतकं काळं पडलं आहे की खळग्यांत कुणी दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना फेकू नका, एवढी विनंती तर कोणतंही भांडं करील. माझी थोडी वेगळी आहे. मला कधी खाली काढलंत तर चिंचेने घासा. पाणी भरलं नाही तरी चालेल. वक्त्याकडची बाजू राहिली तरी चालेल. ती सगळेच घासतात. सभेकडची तेवढी लख्ख करा. मला पुन्हा एकदा कुणाचे तरी हात थांबलेले बघायचे आहेत.