रंगाऱ्याचं डिपॉझिट
माझा नवरा रंगारी. कामात चोख, पण नको तिथे खरं बोलायची भारी खोड. भाड्याची खोली सोडताना कुणी सांगितलं नव्हतं, तरी याने दोन दिवस खपून सगळ्या भिंती रंगवल्या. म्हणे, मळकी भिंत मागे टाकून जाणं बरं दिसत नाही. घरमालकाने किल्ली घेतली, भिंतीवर बोट फिरवलं आणि सांगितलं की विचारल्याशिवाय रंग दिलात, तोही कच्चा, आता मला सगळं पुन्हा करून घ्यावं लागणार, डिपॉझिट त्यातच गेलं.

माझं डोकंच फिरलं. त्या डिपॉझिटच्या भरवशावर आम्ही नवी खोली ठरवली होती. ते अडकलं, आणि आम्ही दोन महिने नणंदेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून पडलो. नणंद बिचारी एका शब्दाने बोलली नाही, पण तिची मुलगी अभ्यासाला जिन्यात जाऊन बसायची. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नव्या खोलीचा मालक दुसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंतच थांबणार होता. नवरा म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे कसं? मी छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाऊन अर्ज भरला. तिथे वकील लागत नाही.

विचारतील तेवढंच बोल, असं त्याला शंभरदा बजावून नेलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, काम नीट झालं होतं का? हो म्हणायचं आणि खाली बसायचं, बस्स.

"खिडकीखालच्या भिंतीला तिसरा हात द्यायचा राहिला, मॅडम," तो म्हणाला. "डबा संपला. ऊन आलं की तिथे खालचा रंग दिसतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. घरमालकाचा चेहरा खुलला. बघा, स्वतःच कबूल करतोय, असं तो दोनदा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पुन्हा रंगवून घेतल्याचं बिल मागितलं. बिल नव्हतं. मग खोलीचं काय केलंत, असं विचारल्यावर तो चाचरायला लागला. खोली दुसऱ्याच आठवड्यात भाड्याने दिली होती, आमच्या रंगासकट, आणि भाडं वाढवून.

"स्वतःच्या कामातली उणीव जो न विचारता सांगतो," बाई म्हणाल्या, "त्याच्या बाकीच्या भिंतींवर माझा विश्वास आहे."

आठ दिवसांत पूर्ण डिपॉझिट परत करायचा हुकूम झाला. म्हणजे महिनाअखेरीच्या आत.

बाहेर आल्यावर मला हसू आणि रडू एकदमच आलं. ज्या खोडीवरून मी पंधरा वर्षं या माणसाचं डोकं खाल्लं, तिच्यामुळेच आम्हाला घर मिळालं होतं. त्याचा भारी अभिमान वाटला. मग पायरीवर बसूनच नव्या मालकाला फोन लावला आणि पुढच्या शनिवारी सामान आणतो म्हटलं. माणूस भला, ओशाळून म्हणाला की भिंतींचा रंग जरा उडालाय, चालेल ना?

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने बाह्या सरसावल्यासुद्धा.

"चालेल," मी म्हटलं. "पण आमचा माणूस भिंती रंगवल्याशिवाय राहायचा नाही. तेवढं आधी करारात लिहून द्या."